इंदूरच्या छोट्या मराठी वेबसाइटचा खर्च जाहिरातींवर निघेल का?

रामबागकर
नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मित्र इंदूरच्या मराठी घरांसाठी एक छोटी वेबसाइट चालवतो. मालव्यातल्या मराठी स्वयंपाकघरातले पदार्थ, गणपती-नवरात्रातले कार्यक्रम, गुरुजी आणि मंगल कार्यालयांची यादी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर (होळकरांची स्मारकं) आणि जुन्या वाड्यांवर लेख, असं सगळं आहे. वाचक हळूहळू वाढून राहिलेत. डोमेन-होस्टिंगचा खर्च आजवर खिशातून झाला. आता वाटतं, निदान तो तरी निघावा आणि लिहिणाऱ्यांना थोडंफार मानधन देता यावं.

मराठी मजकुरावर ॲडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सोय, नीट चालतं का? किती वाचक झाले की त्यात अर्थ आहे? की सरळ ओळखीच्या दुकानदारांकडे जावं?

माझं मत आधीच सांगतो. लिहिणाऱ्यानं कायम पदरमोड करावी ही अपेक्षा मला पटत नाही. मराठीतले कितीतरी चांगले ब्लॉग याच कारणानं थांबले. पण वाचकाच्या डोळ्यात बोट घालणारी जाहिरातही नको. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा.

पोहेजलेबी
चालतं भिया, मराठी चालतं. ॲडसेन्स २००३ साली आलं, हिंदीला मान्यता मिळाली ती २०१४ च्या डिसेंबरात, आणि मराठी त्यानंतर यादीत आली. त्याआधी लोक मराठी ब्लॉगवर चार इंग्रजी लेख टाकून अर्ज करायचे. आता ती कसरत नको.

अर्जाआधी साइटवर स्वतःचा मजकूर भरपूर हवा. 'आमच्याविषयी', 'संपर्क' आणि गोपनीयता धोरणाचं पान हवं. दुसरीकडून उचललेला किंवा यंत्रानं भाषांतर करून ओतलेला मजकूर असेल तर अर्ज परत येतो. आणि तुमचे जुने लेख कृतिदेव किंवा तसल्या फाँटात टाइप केलेले असतील तर आधी युनिकोडमध्ये बदला. मध्य प्रदेशात अजून अर्ध्या स्मरणिका कृतिदेवमध्येच पडून आहेत. गूगलला ते लेख म्हणजे निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, मग शोधात येणार कसे?

लष्करवाला
ग्वाल्हेरहून राम राम. पैशांचं गणित मी मांडतो, म्हणजे स्वप्नं जमिनीवर राहतील.

या धंद्यात 'आरपीएम' बघायचा. म्हणजे हजार पानं पाहिली गेली की हातात किती आलं. भारतातल्या वाचकावर, त्यातून प्रादेशिक भाषेत, हा आकडा बारीक असतो. समजा हजार पानांमागे अर्धा डॉलर पडला. ॲडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही. म्हणजे पहिल्या चेकसाठी दोन लाख पानं वाचली जायला हवीत. तुमच्याकडे महिन्याला दहा हजार पानं होत असतील तर महिन्याचे पाच डॉलर, आणि पहिला चेक वीस महिन्यांनी. पाऊण डॉलर पडला तरी वर्षाच्या वरच जातं.

तेव्हा आधी तुमची महिन्याची पानं किती ते बघा, मग पुढचं बोलू.

न्यूजर्सीतला_इंदूरी
रामबागकर, तुमची साइट मी रोज उघडतो. इथे बसून गराडूची (आपल्या तळलेल्या कंदाची) आठवण काढायला तेवढंच निमित्त. पैशांचीच अडचण असेल तर सोपा उपाय आहे: जाहिराती लावा, मी रोज येऊन दहा-वीसदा क्लिक करतो! आमच्या मंडळातल्या सगळ्यांना सांगतो.

पोहेजलेबी
@न्यूजर्सीतला_इंदूरी दादा, हात जोडतो, हे करू नका. 😄 साइट चालवणाऱ्यानं स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं, कोणाला करायला सांगणं, 'आम्हाला पाठिंबा द्या, जाहिरातीवर क्लिक करा' असं पानावर लिहिणं, हे सगळं नियमाबाहेर आहे. एका जागेवरून अचानक क्लिक वाढले की त्यांची यंत्रणा पकडते, पैसे कापते आणि कधी खातंच बंद होतं.

लष्करवाला
अगदी बरोबर. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका कॉलेजच्या मुलाची नोकरभरतीच्या बातम्यांची साइट होती. छान चाललेली. मित्रांनी प्रेमापोटी हॉस्टेलच्या वायफायवरून क्लिकचा सपाटा लावला. जाहिरात कंपनीनं खातं बंद केलं, जमलेली रक्कम गेली आणि अपील फेटाळलं. पोराची सगळी मेहनत पाण्यात, आणि त्याला कोणी आधी सांगितलेलंही नव्हतं. म्हणून इथे परत परत लिहितोय.

न्यूजर्सीतला_इंदूरी
बरं झालं विचारलं. मग नुसतं वाचतो.

पोहेजलेबी
नुसतं वाचणं लाखमोलाचं आहे दादा! आता ॲडसेन्स क्लिकवर नाही, जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे देतं. २०२३ च्या शेवटी त्यांनी जाहीर केलं आणि २०२४ मध्ये बदल लागू झाला. जाहिरातदार देतो त्यातला साधारण ६८ टक्के वाटा साइटवाल्याकडे येतो. आणि अमेरिकेतून आलेल्या वाचकापर्यंत पोचायला जाहिरातदार इथल्यापेक्षा खूप जास्त मोजतात. बाहेर गेलेल्या इंदूरकरांसाठी मनापासून लिहा, म्हणजे लष्करवाल्यांचा अर्धा डॉलर वर सरकेल.

तिलकनगरची_सुगरण
माझी पाककृतींची साइट आहे, बरीच वर्षं चालवते, जाहिराती आहेत. अनुभवातून सांगते.

ऑटो ॲड्स मी बंद ठेवते. ते चालू केलं की यंत्र स्वतःच ठरवतं कुठे काय घुसवायचं. बाई कणीक मळत असते, मोबाइल ओट्यावर टेकवलेला असतो, पिठाच्या बोटानं ती पान सरकवते. साहित्य आणि कृती यांच्या मध्ये जाहिरात आली तर बोट तिच्यावरच पडतं. पान बदलतं, फोडणी जळते, आणि ती बाई परत माझ्याकडे येत नाही. म्हणून साहित्याच्या यादीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकही जाहिरात नाही. सुरुवातीच्या परिच्छेदानंतर एक आणि कृती संपल्यावर एक, बस.

दुसरं, जाहिरातीसाठी जागा आधी राखून ठेवा. नाहीतर वाचक वाचत असतो आणि जाहिरात उशिरा येऊन सगळा मजकूर खाली ढकलते. गूगल २०२१ पासून असल्या गोष्टी शोधाच्या क्रमवारीतही धरतं. आणि फोटो बारीक करून टाका. आपल्या काकू-मावश्यांचे फोन साधे असतात.

कमाई? मोसमावर आहे. दिवाळीच्या आधी फराळाच्या पाककृतींवर वाचक चौपट होतात, आणि त्याच दिवसांत जाहिरातदारही जास्त पैसे ओततात. जानेवारीत एकदम ओहोटी. तुमच्याकडे रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आहेत. गेरीचा मार्ग, वेळ, कुठून बघावी, यावरचा लेख महिनाभर आधी टाका. गेरीच्या दिवशी टाकून उपयोग नाही, शोधात वर यायला वेळ लागतो.

जुनी_पेठ
मी निवृत्त शिक्षिका आहे. माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडते. सत्यनारायणाच्या पूजेची माहिती वाचावी तर शेजारी वजन घटवण्याची पावडर आणि पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. असल्या पानावर मी सुनेला काय दाखवू? आपल्या आज्यांनी ज्या पाककृती तोंडी दिल्या, त्यांच्या बाजूला हा बाजार मांडायचा? ज्यांना साइट आवडते ते वर्षाला शंभर-दोनशे रुपये आनंदानं देतील. यूपीआयचा कोड लावा आणि मोकळे व्हा. सार्वजनिक गणपती वर्गणीवरच चालतो ना?

पोहेजलेबी
काकू, जुगाराचं तुम्ही म्हणता ते खरं होतं. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली, त्यांच्या जाहिरातींवरही. बाकीच्या नकोशा गोष्टींसाठी ॲडसेन्समध्ये वर्गवार बंदी घालायची सोय आहे. वजन घटवणं, डेटिंग असे वर्ग बंद करता येतात. एखादी विशिष्ट जाहिरात खटकली तर तिचा पत्ता टाकून तीही अडवता येते. महिन्यातून एकदा तासभर बसावं लागतं, एवढंच.

तिलकनगरची_सुगरण
जुनी_पेठ ताई, तुमच्या भावनेशी मी सहमत, उपायाशी नाही. वर्गणीचा कोड मीही लावून पाहिला. कौतुकाचे निरोप खूप आले, पैसे मोजक्या लोकांनी दिले, आणि तेही तेच तेच लोक. गणपतीची वर्गणी दारात येऊन मागतात म्हणून मिळते. वेबसाइट कोणाच्या दारात जाऊन उभी राहणार?

आणि आज्यांच्या पाककृतींचं म्हणाल तर त्या टिपून घ्यायला, करून बघायला, फोटो काढायला माझा दिवस जातो. त्या दिवसाचं मोल मी मागितलं तर त्यात आजीचा अपमान कुठे झाला?

जुनी_पेठ
दिवसाचं मोल मागण्याला माझा विरोध नाही. कोणाकडून मागायचं हा प्रश्न आहे.

बडोदेकर
जुनी_पेठ ताईंनी नेमका मुद्दा काढलाय आणि त्याचं उत्तर बडोद्यात आम्ही शोधलंय, म्हणून लिहितो.

आमची दांडिया बाजार भागातल्या मराठी कार्यक्रमांची छोटी साइट आहे. ॲडसेन्स लावलंय, पण भरवसा त्यावर नाही. साइटच्या कमाईचा मोठा भाग स्थानिक जाहिरातींतून येतो: मंगल कार्यालय, केटरर, पैठणी विकणारं दुकान, शिकवणी वर्ग. विचार करा, इंदूरच्या मुंजीसाठी केटरर शोधणारी बाई तुमच्या पानावर आली आहे. गूगलच्या लेखी ती हजार पानांमधलं एक पान. पण इंदूरच्या केटररच्या लेखी ती अख्खी ऑर्डर आहे! मग ती जागा अर्ध्या पैशाला का विकायची?

रीत सांगतो.
जाहिरातीचा दर महिन्यावर ठरवायचा, क्लिकवर नाही. तीन महिन्यांचे पैसे आधी घ्यायचे. एका धंद्याची एकच जाहिरात, म्हणजे दोन केटरर एकमेकांशेजारी नकोत. महिन्याच्या शेवटी जाहिरात किती लोकांना दिसली ते खरं खरं कळवायचं. फुगवून सांगितलेला आकडा दुकानदाराला कळतोच, कारण त्याचा फोन वाजत नाही. पानावर ठळक 'जाहिरात' लिहायचं. आणि पैसे घेऊन दिलेल्या लिंकला कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' अशी खूण लावायची. गूगलनं २०१९ पासून ही सोय दिलीय. खूण नसेल तर पैसे घेऊन लिंक विकता म्हणून साइटच शोधात मागे पडू शकते.

ॲडसेन्ससोबत अशा जाहिराती ठेवायला बंदी नाही. फक्त पानावर मजकुरापेक्षा जाहिराती जास्त व्हायला नकोत.

रामबागकर
बडोदेकर, हे फार कामाचं लिहिलंत. गुरुजींची आणि कार्यालयांची यादी हे आमचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान आहे. पण एक अडचण बोलतो. यादीत नाव फुकट आहे आणि आम्ही ती तटस्थपणे केलीय. उद्या एका कार्यालयानं जाहिरात दिली आणि यादीत त्याचं नाव वर दिसलं, तर लोकांचा विश्वास जाईल.

बडोदेकर
यादीला हात लावायचा नाही. जाहिरात यादीच्या बाहेर, वेगळ्या चौकटीत. आमच्याकडे एका दुकानदारानं 'पैसे घ्या, पण माझ्या शेजाऱ्याचं नाव काढा' म्हणून पाहिलं. आम्ही पैसे परत केले. ते दुसऱ्या दुकानदारांना कळलं आणि त्यानंतर आमच्याकडे जाहिराती वाढल्या.

भुट्टेप्रेमी
जरा विषयांतर. रामबागकर, तुमच्या साइटवर भुट्ट्याच्या किसात दूध नाही घातलंय. हे कसं चालेल?

तिलकनगरची_सुगरण
दूध हवंच! कणीस कोवळं असेल तर थोडं कमी, पण हवंच. आणि वरून जिरावण मसाला.

न्यूजर्सीतला_इंदूरी
जिरावण इथे पाठवणाऱ्या दुकानाची जाहिरात लावा, पहिलं गिऱ्हाईक मी. क्लिकही नियमात बसेल.

लष्करवाला
😄 हा मात्र खरा क्लिक.

विषयांतर झालंच आहे तर एक गंमत. इंटरनेटवरची पहिली गाजलेली बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ ची, हॉटवायर्ड नावाच्या साइटवर, एटी अँड टी कंपनीची. आणि २००५ मध्ये ॲलेक्स ट्यू नावाच्या इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यानं एकच पान केलं, त्यावर दहा लाख ठिपके, एका ठिपक्याला एक डॉलर. सगळे विकले गेले! शिक्षणाचा खर्च काढायला त्यानं हे केलं होतं. नंतर नक्कल करणारे शेकडो आले, त्यांचं कोणाचं चाललं नाही. नवलाई एकदाच विकली जाते. रोजचा उपयोग रोज विकता येतो. रामबागकरांच्या यादीत तो उपयोग आहे.

पोहेजलेबी
मी एक कटू गोष्ट बोलू का? इंदूरमध्ये मराठी घरांतली पंचविशीतली पोरं मराठी बोलतात, पण वाचतात हिंदी. तीच साइट हिंदीत केली तर वाचक दसपट होतील, जाहिरातदारही हिंदीला जास्त आहेत. पैशांचाच विचार असेल तर हिंदी.

जुनी_पेठ
मग ती साइट राहिली कशाची? होळकरांच्या इंदुरात मराठी वाचायला मिळावं म्हणून या मुलांनी ती काढली ना!

रामबागकर
ताईंशी सहमत. मराठी सोडणार नाही.

तिलकनगरची_सुगरण
सोडू नका, पण दारही बंद करू नका. माझ्याकडे निवडक पाककृती दोन्ही भाषांत आहेत, वेगवेगळ्या पानांवर, आणि दोन्ही पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे गूगलला कोडमधून सांगितलेलं आहे. हिंदीतलं पान मी नव्यानं लिहिते. जिथे हिंदीभाषक शेजारणीला 'थालीपीठ' म्हणजे काय हे सांगावं लागतं, तिथे दोन वाक्यं जास्त घालते. हिंदी पानांची कमाई जास्त आहे हे खरं, आणि त्या पैशांवर मराठी पानं चालतात हेही खरं.

गेल्या वर्षी अहिल्याबाईंची त्रिशताब्दी झाली, ३१ मे २०२५ ला जन्माला ३०० वर्षं. तेव्हा त्यांच्या राजधानीवर, महेश्वरवर, मी दोन्ही भाषांत लिहिलं होतं. हिंदी वाचणारे कितीतरी लोक तिथून मराठी पानावर आले. पोहेजलेबी म्हणतो ती पोरंही त्यात होती.

पोहेजलेबी
हे पटलं. आणखी एक धोका सांगून ठेवतो. आता शोध घेतला की गूगल वरतीच यंत्रानं लिहिलेलं उत्तर दाखवतं, भारतात २०२४ पासून. 'साबुदाणा खिचडी कशी करावी' याचं उत्तर तिथेच मिळालं तर माणूस साइटवर येणारच नाही, आणि पान उघडलं नाही तर जाहिरात नाही. पण 'रामबागेत या रविवारी कुठला कार्यक्रम आहे', 'शंभर पानांसाठी बसायची सोय कुठल्या कार्यालयात आहे' हे तुम्ही जाऊन विचारून लिहिलेलं असतं. त्यावर जोर द्या. शिवाय वाचकांचा व्हॉट्सॲप चॅनेल करा, म्हणजे सगळं शोधावर अवलंबून राहणार नाही.

हिशेबनीस
उशिरा आलो, पण माझ्या विषयावर कोणी लिहिलेलं दिसलं नाही.

१) १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीसाठी टपालानं पिन येतो. पत्ता पोस्टमनला कळेल असा द्या, जवळची खूण लिहा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती दिसणं थांबतं.
२) पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान सुटतात. बँकेत परदेशी रक्कम म्हणून येतात, बँक 'पर्पज कोड' (पैसे कशाबद्दल आले याचा कोड) विचारते. जाहिरात सेवेचा कोड सांगा आणि बँकेकडून येणारं प्रमाणपत्र जपून ठेवा.
३) ही कमाई आयकर विवरणात दाखवायचीच, रक्कम छोटी असली तरी. होस्टिंग, डोमेन, लेखकांचं मानधन हा खर्च वजा होतो, म्हणून पावत्या ठेवा.
४) सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तुमच्या बाबतीत सीएला एकदा दाखवा.

तुम्ही तिघे आहात. खातं एकाच्या नावावर, पैसे तिघांत वाटायचे, हे तोंडी ठेवू नका. भागीदारीचा साधा करार करा. माझ्या अनुभवात पैसे कमी असताना कोणी भांडत नाही, वाढले की भांडतात.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघांनी काल बसून ठरवलं. पाककृती आणि वाड्यांवरच्या लेखांना ॲडसेन्स, सुगरण ताईंच्या पद्धतीनं दोनच जागा, ऑटो ॲड्स बंद. कार्यक्रम आणि कार्यालयांच्या पानांवर फक्त इंदूरच्या जाहिराती, यादीच्या बाहेर. पूजाविधीच्या पानांवर काहीही नाही. जुनी_पेठ ताई, ही शेवटची ओळ तुमच्या शब्दाखातर. कराराचा मसुदा हिशेबनीसांना पाठवतो.

जुनी_पेठ
आनंद झाला. माझे दोनशे रुपये तरीही घ्या.

सुदामानगर_केटरिंग
नमस्कार, हा धागा बहिणीनं पाठवला. आमचं घरगुती केटरिंग आहे, मुंज-साखरपुडा, पंचवीस ते दीडशे पानं. तुमच्या कार्यालयांच्या पानावर जाहिरात द्यायची आहे. तुळशीच्या लग्नानंतरचा मोसम धरायचा तर कधीपासून लावावी? आणि मजकूर काय पाठवू?

बडोदेकर
पहिली आली! रामबागकर, दर सांगायच्या आधी पानावर महिन्याला किती लोक येतात ते त्यांना दाखवा.

रामबागकर
हो, आकडे आज संध्याकाळी निरोपात पाठवतो, ते बघूनच ठरवा. लोक कार्यालय आणि केटरर दोन-तीन महिने आधी बघून ठेवतात, तेव्हा तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांसाठी गणपतीपासूनच लावलेली बरी. फोटो तुमच्या स्वतःच्या पंगतीचा द्या, इंटरनेटवरून घेतलेला नको. ३०० बाय २५० पिक्सेलच्या चौकटीत बसेल असा. मजकूर मराठीत, थोडक्यात: किती पानांपर्यंत करता, कांदा-लसणाशिवाय करता का, वाढपी तुमचे असतात का. आणि फोन उचलणाऱ्याचाच नंबर द्या.

सुदामानगर_केटरिंग
वाढपी आमचेच असतात. कांदा-लसणाशिवायही करतो. फोटो उद्या पाठवते.